ग्लिझे ५८१ : एका पत्त्याचा इतिहास

९ ऑक्टोबर २००८ रोजी क्रिमियातील येवपातोरिया येथील ७० मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने आकाशात एक पत्र सोडले. त्यात ५०१ मजकूर होते : एका सामाजिक संकेतस्थळाच्या सभासदांनी लिहिलेल्या ओळी, चित्रे, छायाचित्रे. पत्ता होता तूळ राशीतील ग्लिझे ५८१ या ताऱ्याभोवती फिरणारा 'सी' नावाचा ग्रह. पुढच्या वर्षी, २८ ऑगस्ट २००९ रोजी, ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या अवकाश-संपर्क केंद्रातून तेवढ्याच व्यासाच्या तबकडीने दुसरे पत्र पाठविले. त्यात सुमारे २६ हजार निरोप होते, प्रत्येकी १६० अक्षरांच्या मर्यादेत बसविलेले, आणि पत्ता होता त्याच ताऱ्याचा 'डी' हा ग्रह. दोन्ही पत्रे प्रकाशाच्या वेगाने चालली आहेत आणि अजून वाटेतच आहेत. पहिले २०२९ साली पोहोचेल, दुसरे २०३० च्या आसपास. मात्र या दुसऱ्या पत्राच्या बाबतीत एक अडचण उद्भवली आहे. ज्या ग्रहाच्या नावाने ते टाकले गेले, तो ग्रह मुळात अस्तित्वातच नसावा, असे २०१४ पासून बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ मानू लागले आहेत.

मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. कारण थोडे खासगी आहे. एप्रिल २००७ मध्ये 'सी' ग्रहाची बातमी वर्तमानपत्रांत झळकली तेव्हा मी नुकताच तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो आणि महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाची जबाबदारी, कनिष्ठांकडे अशा जबाबदाऱ्या येतात त्या न्यायाने, माझ्याकडे आली होती. मी त्यावर 'दुसरी पृथ्वी सापडली' असा ठसठशीत मथळा देऊन एक लेख लिहिला. तेथे समुद्र असतील, असे लिहिले. पाण्यावर तांबडा प्रकाश पडलेला असेल, असेही लिहिले. तो लेख आज माझ्याजवळ नाही याचा मला आनंद आहे. पण त्यातले प्रत्येक विधान कुठल्या ना कुठल्या बातमीत आधी छापलेले होते, आणि त्या बातम्यांच्या मुळाशी खऱ्या शास्त्रज्ञांचे खरे निबंध होते, हेही तितकेच खरे. मग 'असावा' चे 'आहे' नेमके कोणत्या पायरीवर झाले? गेली काही वर्षे मी अधूनमधून हा प्रश्न हाताळत आलो आहे.

ताऱ्याच्या नावापासून सुरुवात करू. विल्हेल्म ग्लिझे हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. १९४२ मध्ये त्याला सैन्यात भरती करून पूर्व आघाडीवर धाडले गेले, तो रशियनांच्या कैदेत सापडला आणि १९४९ मध्ये परतला. परतल्यावर हायडेलबर्गच्या संस्थेत त्याने जे काम हाती घेतले ते एखाद्या तलाठ्याने करावे तसे होते. सूर्याच्या शेजारपाजारची, म्हणजे २० पार्सेक अथवा सुमारे ६५ प्रकाशवर्षांच्या आतली, सर्व ज्ञात ताऱ्यांची नोंदवही त्याने तयार केली. १९५७ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत सुमारे हजारभर तारे होते. त्यातला ५८१ क्रमांकाचा तारा आपल्यापासून साडेवीस प्रकाशवर्षे दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. तरीही विश्वाच्या हिशेबात हे घर आपल्याच आळीतले म्हणायचे. आणि तरी तो तारा आपल्याला उघड्या डोळ्यांनी दिसत नाही, कारण तो लाल बटू आहे.

लाल बटू ताऱ्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्या स्वभावातून आला आहे. आकाशगंगेतल्या ताऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश तारे या जातीचे आहेत. पण एकही असा नाही की जो अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसावा. आपल्या पूर्वजांनी नक्षत्रे कल्पिली, त्यांच्या कथा रचल्या, त्यांवर मुहूर्त बसविले, ते सारे आकाशातल्या एका झगमगीत अल्पसंख्य वर्गाच्या आधारावर. ग्लिझे ५८१ चे वस्तुमान सूर्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी आणि प्रकाश सूर्याच्या जेमतेम एक-सव्वा टक्का. असा तारा आपले इंधन कंजूषपणे वापरतो आणि म्हणून सूर्याच्या कितीतरी पट जगतो. सूर्याचे आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षांचे. लाल बटूंचे लाखो कोटी वर्षांत मोजावे लागते. जीवसृष्टीला सवडच हवी असेल, तर ती येथे भरपूर आहे.

पण शेकोटी लहान असली की जवळ सरकून बसावे लागते. ताऱ्याभोवतीच्या ज्या पट्ट्यात ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, त्याला वसतियोग्य पट्टा म्हणतात. ही कल्पना १९५९-६० च्या सुमारास सू-शू हुआंग यांनी मांडली आणि १९९३ मध्ये जेम्स कास्टिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आजचे गणिती रूप दिले. लाल बटूच्या बाबतीत हा पट्टा ताऱ्याला इतका खेटून असतो की तेथल्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याचा संभव असतो, चंद्राची जशी आपल्याकडे राहते तशी. म्हणजे अर्ध्या गोलार्धावर अखंड दुपार आणि अर्ध्यावर कधीही न संपणारी रात्र. फार दिवस असे मानले जाई की अशा ग्रहाच्या काळोख्या बाजूवर हवाच गोठून पडेल आणि प्रश्न मिटेल. १९९७ मध्ये मनोज जोशी, रॉबर्ट हॅबर्ले आणि रे रेनॉल्ड्स यांनी संगणकावर हिशेब मांडून दाखविले की पृथ्वीच्या एक दशांश दाबाइतकेही कर्बवायूचे वातावरण असले तर वारे उष्णता इकडून तिकडे वाहून नेतात आणि हवा गोठत नाही. या निबंधाने लाल बटूंचे दार थोडे किलकिले झाले. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती आणि ती अजून मिटलेली नाही. हे तारे, विशेषतः तरुणपणी, मोठे तापट असतात. त्यांच्या पृष्ठावर प्रचंड उद्रेक होतात आणि त्या माऱ्यात जवळच्या ग्रहाचे वातावरण ओरबाडून निघू शकते. ग्लिझे ५८१ मात्र वयस्क आणि शांत तारा समजला जाई. या शांतपणाच्या समजुतीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता वाचनाची रीत. 'वाचन' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ग्लिझे ५८१ चे ग्रह कोणीही पाहिलेले नाहीत. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा तारासुद्धा त्याच्या ओढीने किंचित हलतो, कधी आपल्याकडे, कधी आपल्यापासून दूर. तारा जवळ येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जाताना तांबड्या टोकाकडे. या सरकण्याच्या तालावरून ग्रहाचा आवर्तनकाल कळतो आणि सरकण्याच्या प्रमाणावरून त्याचे किमान वस्तुमान. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि डिडिए केलो यांनी याच रीतीने ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याचा ग्रह शोधला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. तो ग्रह ताऱ्याला सेकंदाला पन्नास-साठ मीटर इतके हलवीत होता. २००३ साली चिलीतील ला सिया वेधशाळेत 'हार्प्स' हा वर्णपटमापक बसला आणि सेकंदाला एक मीटरचा फरकही टिपता येऊ लागला. वाचकांनी क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घ्यावा. सायंकाळी फिरायला निघालेल्या माणसाच्या चालीने एक तारा पुढेमागे होतो, आणि ते साडेवीस प्रकाशवर्षांवरून आपल्याला कळते.

२००५ मध्ये झाव्हिए बोनफिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ताऱ्याचा पहिला ग्रह, 'बी', जाहीर केला. आवर्तनकाल ५.४ दिवस, किमान वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे सोळापट. त्याविषयी कधी वाद झाला नाही आणि, अर्थातच, भित्तिपत्रकातही तो कधी आला नाही. एप्रिल २००७ मध्ये जिनिव्हाच्या स्टेफान उद्री यांच्या चमूने 'सी' आणि 'डी' जाहीर केले. 'सी' चे किमान वस्तुमान पृथ्वीच्या पाचपट, वर्ष तेरा दिवसांचे. निबंधात त्याचे समतोल तापमान शून्य ते ४० अंश सेल्सिअस या दरम्यान येत असल्याचा अंदाज होता. हा अंदाज वातावरणाचा उबदारपणा न धरता, केवळ ताऱ्याचा प्रकाश आणि ग्रहाची परावर्तनक्षमता यांवरून काढलेला होता. बातम्यांत 'समतोल' हा शब्द गळला. उरले ते शून्य ते चाळीस, म्हणजे महाबळेश्वरची थंडी ते नागपूरचा उन्हाळा. अशा आकड्यांवर मराठी माणूस विश्वास ठेवणारच.

काही महिन्यांतच दोन स्वतंत्र गटांनी, एक व्हर्नर फॉन ब्लोह यांचा आणि दुसरा फ्रांक सेल्सिस यांचा, नेमका उलटा निष्कर्ष काढला. 'सी' ला ताऱ्याकडून मिळणारी ऊर्जा पृथ्वीला मिळते त्याच्या दुपटीहून अधिक, किंबहुना शुक्राला मिळते त्याहूनही अधिक आहे. पाणी असलेच तर ते वाफ होऊन उष्णता कोंडून धरील आणि तापमान अनावर होईल. सर्वांनी ज्याच्याकडे दुर्लक्ष केले तो थंड 'डी', पट्ट्याच्या बाहेरच्या कडेवरचा, तो मात्र दाट कर्बवायूचे पांघरूण असेल तर जगण्याजोगा ठरू शकेल. आशेने घर बदलले. म्हणूनच २००८ चे पत्र 'सी' च्या नावाने आहे आणि २००९ चे 'डी' च्या नावाने. दोन पत्त्यांतला हा फरक म्हणजे मधल्या वर्षभरातल्या शास्त्रीय चर्चेची एक पुसट नोंदच आहे. पहिले पत्र निघाले तेव्हा खरे तर नवे निबंध छापून झाले होते. पण लोकांच्या मनातला पत्ता बदलायला शास्त्राहून अधिक वेळ लागतो.

२००९ मध्ये 'ई' सापडला, पृथ्वीच्या दुपटीहून थोडे कमी किमान वस्तुमान असलेला. त्याच वेळी 'डी' चा आवर्तनकाल ८३ दिवसांवरून ६७ दिवसांवर आणला गेला, त्यामुळे तो पट्ट्यात अधिक आत सरकला. आणखी निरीक्षणे मिळाल्यावर असा बदल होणे या शास्त्रात नवे नाही. तरीही आज मागे वळून पाहताना वाटते की, ज्या ग्रहाचे वर्ष एका फटक्यात सोळा दिवसांनी लहान होते, त्याच्याविषयी थोडी शंका तेव्हाच यायला हरकत नव्हती.

यानंतरचा अंक अधिक नाट्यमय आहे. सप्टेंबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियाचे स्टीव्हन व्होग्ट आणि कार्नेगी संस्थेचे पॉल बटलर यांनी हवाईतील केक दुर्बिणीची अकरा वर्षांची निरीक्षणे हार्प्सच्या निरीक्षणांशी जोडून आणखी दोन ग्रह जाहीर केले. त्यांपैकी 'जी' हा वसतियोग्य पट्ट्याच्या अगदी मध्यावर, 'सी' आणि 'डी' यांच्या मधोमध. वर्ष ३७ दिवसांचे, वस्तुमान पृथ्वीच्या तिप्पट-चौपट. व्होग्ट यांनी त्याला आपल्या पत्नीच्या नावाने 'झार्मिनाचे जग' म्हटले, आणि तेथे जीवसृष्टी असण्याविषयी आपल्याला वैयक्तिक पातळीवर शंका नाही, असे पत्रकारांना सांगून टाकले. या विधानाबद्दल त्यांची पुढे बरीच थट्टा झाली. मला ती थट्टा फारशी रुचत नाही. अकरा वर्षे एकाच मंद ताऱ्याकडे पाहत राहिलेल्या माणसाने एक दिवस त्याला घरातले नाव द्यावे, यात हसण्यासारखे काय आहे? चूक असलीच तर ती नाव देण्यात नव्हती, ती शंका नसण्यात होती.

दोनच आठवड्यांनी इटलीत तुरिन येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे जिनिव्हा गटाचे फ्रांचेस्को पेपे यांनी सांगितले की हार्प्सच्या वाढीव निरीक्षणांत 'जी' चा मागमूस नाही. एका गटाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि दोघेही एकाच ताऱ्याचा प्रकाश वाचत आहेत! पुढची तीन-चार वर्षे संख्याशास्त्राच्या भाषेत हा वाद चालला. कक्षा वर्तुळाकार धरायच्या की लंबवर्तुळाकार, कोणता गोंगाट केवळ यादृच्छिक मानायचा, कोणती मोजमापे गाळायची, या प्रश्नांच्या उत्तरांवर ग्रहांची संख्या अवलंबून राहिली. कोणी चार मोजले, कोणी पाच, कोणी सहा, कोणी तीन. दरम्यान २०११ मध्ये रॉबिन वर्ड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी 'डी' च्या हवामानाचे त्रिमितीय प्रतिरूप करून तेथे ढग, पाऊस आणि समुद्र संभवतात असे दाखविले. हे काम शास्त्र म्हणून उत्तमच आहे आणि इतर ग्रहांना आजही लागू पडते. पण जे घर बहुधा नव्हतेच, त्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाचा हा सविस्तर हिशेब वाचताना आज चमत्कारिक वाटते खरे.

जुलै २०१४ मध्ये पॉल रॉबर्टसन, सुव्रत महादेवन, मायकेल एंडल आणि अर्पिता रॉय यांचा निबंध 'सायन्स' मध्ये आला. त्यांनी ग्रह शोधण्याऐवजी आधी ताऱ्याचा अभ्यास केला. ताऱ्याच्या पृष्ठावर चुंबकीय डाग असतात. तारा स्वतःभोवती फिरला की ते समोर येतात आणि नाहीसे होतात. आणि त्यांच्यामुळे वर्णपटातील रेषांचा आकार बिघडून तारा हलल्याचा भास होऊ शकतो. हायड्रोजनच्या एका विशिष्ट रेषेवरून त्यांनी ताऱ्याची ही खळबळ मोजली. ग्लिझे ५८१ स्वतःभोवती सुमारे १३० दिवसांत एक फेरी घेतो असे निघाले. 'डी' चे वर्ष ६६-६७ दिवसांचे, म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मे. ताऱ्याची खळबळ वजा केली तेव्हा 'डी' चा संकेत पार विरून गेला. तो गेल्यावर 'जी' लाही आधार उरला नाही. उलट 'बी', 'सी' आणि 'ई' यांचे संकेत पूर्वीपेक्षा ठळक झाले. २०१५ मध्ये या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, त्यांना उत्तरेही दिली गेली. पण त्यानंतर या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह तेवढे सर्वमान्य राहिले आहेत, आणि त्या तिघांपैकी एकही वसतियोग्य पट्ट्यात नाही.

ज्याला शांत म्हणून नावाजले तो तारा हळू आवाजात स्वतःशीच बोलत होता आणि आपण त्या बोलण्याला दुसऱ्याचा आवाज समजलो. ज्ञानेश्वरीच्या पाठांविषयी शिकवताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मधल्या तीनशे वर्षांत घुसलेले पाठ वेगळे काढण्यासाठी. आपल्याकडे प्रक्षिप्त म्हणजे मागाहून कोणी घातलेले, असा सरळ अर्थ आहे. येथे प्रकार उलटा झाला. मूळ वक्त्याचेच शब्द आपण परक्या माणसाचे म्हणून वेगळे काढले, त्याला नाव दिले, वय दिले, वजन दिले, आणि शेवटी त्याला पत्र लिहिले.

परंतु लेखनिकाच्या हस्तदोषाचे उदाहरणही या शास्त्राच्या इतिहासात आहे, आणि ते अधिक करुण आहे. बार्नार्डचा तारा हाही लाल बटूच, आपल्यापासून केवळ सहा प्रकाशवर्षे दूर. १९१६ मध्ये एडवर्ड बार्नार्ड यांनी त्याची आकाशातली वेगवान चाल ओळखली. पीटर व्हॅन डी काम्प हे मूळचे डच खगोलशास्त्रज्ञ पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयाच्या स्प्राउल वेधशाळेचे संचालक होते. १९३८ पासून ते आणि त्यांचे विद्यार्थी या ताऱ्याची छायाचित्रे काचेवर घेत राहिले. दोन हजारांहून अधिक काचा जमल्यावर, १९६३ मध्ये, त्यांनी जाहीर केले की ताऱ्याच्या चालीत सूक्ष्म लचक आहे आणि तिचे कारण गुरूपेक्षा दीडपट जड असा ग्रह आहे. ही लचक काचेवर भरत होती ती माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतकी. पुढे त्यांनी एकाचे दोन ग्रह केले. पाठ्यपुस्तकांत हे ग्रह आले. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात 'डिडॅलस' या मानवरहित तारायानाचा आराखडा केला, पन्नास वर्षांच्या प्रवासाचा, तो याच ताऱ्यासाठी. त्याला ग्रह आहेत ही समजूत त्या निवडीमागे होती.

१९७३ मध्ये जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिख आइकहॉर्न यांनी दुसऱ्या वेधशाळांच्या काचा तपासल्या आणि त्यांना लचक आढळली नाही. त्याच वर्षी खुद्द स्प्राउल वेधशाळेतल्या जॉन हर्शी यांनी आणखी अवघड गोष्ट दाखविली. त्याच दुर्बिणीने टिपलेल्या दुसऱ्या एका ताऱ्यातही तशीच लचक होती, त्याच वर्षांत, त्याच दिशेने. १९४९ मध्ये दुर्बिणीचे भिंग बसविण्याची चौकट बदलली होती, पुढेही भिंगात फेरफार झाले होते. उड्या त्या वेळच्या होत्या. हलले होते ते भिंग. आपल्याच सहकाऱ्याने आपल्या पस्तीस वर्षांच्या कामावर असे बोट ठेवल्यावर माणसाला काय वाटले असेल ते आपण कल्पनेनेच जाणायचे. व्हॅन डी काम्प यांनी ते अखेरपर्यंत मान्य केले नाही. मे १९९५ मध्ये ते वारले. त्यानंतर पाचच महिन्यांनी मेयर आणि केलो यांनी ५१ पेगासीची घोषणा केली.

बार्नार्डच्या ताऱ्याची गोष्ट तेथेही थांबत नाही. २०१८ मध्ये त्याला २३३ दिवसांचे वर्ष असलेला ग्रह असल्याचे जाहीर झाले. २०२१ मध्ये तोही ताऱ्याच्याच खळबळीचा परिणाम ठरविला गेला. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये एक लहानसा ग्रह खरोखर सापडला आणि मार्च २०२५ मध्ये त्याच्यासह चार ग्रहांवर शिक्कामोर्तब झाले. चौघेही पृथ्वीहून हलके, ताऱ्याला चिकटलेले, आणि पाणी टिकण्यास फार उष्ण. व्हॅन डी काम्प यांच्या ग्रहांशी त्यांचा काहीही संबंध नाही. 'तरीही ते बरोबरच होते' असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो भावुकपणा होईल. त्यांनी सांगितले ते ग्रह तेथे नाहीत.

मधल्या काळात लाल बटूंची गावे वाढली. २०१६ मध्ये सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरीचा, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा, वसतियोग्य पट्ट्यातला ग्रह सापडला. २०१७ मध्ये सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याला सात ग्रह असल्याचे कळले. हे सात ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याचा प्रकाश क्षणभर मंद करतात, त्यामुळे त्यांच्या असण्याविषयी ग्लिझे ५८१ सारखा वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या हवेविषयी. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने सर्वांत आतल्या दोन ग्रहांची उष्णता मोजली. आतल्यावर दाट वातावरण नाही, आणि दुसऱ्यावर शुक्रासारखे दाट कर्बवायूचे आवरण नाही, असे दिसले. चौथा, 'ई', हा पट्ट्यात आहे. त्याच्या निरीक्षणांतून २०२५ पर्यंत स्पष्ट उत्तर निघालेले नाही, आणि त्याचे कारण पुन्हा तेच : ताऱ्यावरचे डाग ग्रहाच्या हवेचा आभास निर्माण करतात. आता मात्र शास्त्रज्ञ आधी ताऱ्याचा आवाज ओळखतात आणि मग बोलतात. २००७ च्या आणि २०२५ च्या निवेदनांची भाषा शेजारी ठेवून पाहावी. क्रियापदे बदललेली दिसतील. ही सावधगिरी ग्लिझे ५८१ ने शिकविली असे मी म्हणालो तर एखादा खगोलशास्त्रज्ञ कदाचित हसेल, पण फार आक्षेप घेणार नाही.

राहता राहिली ती दोन पत्रे. पहिल्याचा पत्ता अजून शाबूत आहे. 'सी' ग्रह आहे, फक्त तेथे कोणी राहत असण्याची शक्यता नाही. दुसऱ्याचा पत्ता गेला. तांत्रिकदृष्ट्या यामुळे काही बिघडत नाही, कारण रेडिओ लहरींचा झोत ग्रहावर नेमका साधता येत नाही, तो ताऱ्यावर रोखलेला असतो. तेथे पोहोचेपर्यंत तो इतका पसरतो की ताऱ्याभोवतीचे सारे ग्रह, असलेले आणि नसलेले, त्यात सामावतात. आपल्या टपालात मालक न सापडलेले पत्र शेरा मारून परत येते. हे येणार नाही. ताऱ्याला ओलांडून ते पुढे जाईल, अधिकाधिक क्षीण होत.

पहिले पत्र निघाले त्या वर्षी जन्मलेली मुले आता महाविद्यालयांत येऊ लागली आहेत. गेल्या सत्रात पाठचिकित्सेच्या तासाला मी हा सगळा वृत्तान्त सांगितला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या सव्वीस हजार लोकांना कोणी कळवलं का?" मला उत्तर देता आले नाही. तास संपल्यावर मी तिला सांगितले की माझ्या भित्तिपत्रकाच्या वाचकांनाही मी कधी कळविले नव्हते. आणि मग, अठरा वर्षांचा उशीर झालेला असला तरी, मराठी विभागाच्या फलकावर एक छोटी दुरुस्ती लावली.